कालव्याच्या शेवटचा शेतकरी

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु लागते. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०२ मध्ये उभारलेले मुक्तांबाळ छत्र याच गावी आहे. मराठी राज्याची ही खूण प्रवाशांना ठाऊक असते. शेतीतील डिजिटल तंत्रज्ञानाचा विचार करणाऱ्याने मात्र येथील कालव्याकडेही पाहावे.

१९३४ मध्ये मेट्टूर धरण पूर्ण झाले. त्याच योजनेतील ग्रँड अनिकट कालव्याने कावेरीचे पाणी जुन्या त्रिभुज प्रदेशाबाहेरच्या कोरडवाहू जमिनीत नेले आणि ओरत्तनाडुचा परिसर भाताखाली आला. कालव्याचा स्वभाव सर्वत्र सारखाच असतो. मुखाजवळच्या शेताला भरपूर पाणी मिळते आणि शेवटच्या शेताच्या वाट्याला उरलेसुरले येते. महाराष्ट्रातील लाभक्षेत्रांत अशा शेतकऱ्याला ‘टेलचा शेतकरी’ म्हणतात. माहितीचा प्रवाहही याच रीतीने वाहतो, असे तंजावरचा पुढील इतिहास सांगतो.

१९६० च्या सुमारास देशातील पहिल्या सात जिल्ह्यांत सघन शेती कार्यक्रम सुरू झाला. त्यांपैकी एक तंजावर होता. बियाणे, खत, कर्ज आणि सल्ला एकत्र द्यायचा, ही त्यामागची कल्पना. आडुतुरै संशोधन केंद्राचे एडीटी-२७ हे लवकर तयार होणारे भाताचे वाण कुरुवै हंगामासाठी याच दशकात आले. शास्त्र शेतापर्यंत पोहोचले. पण तोंडी कराराने जमीन कसणाऱ्या कुळाकडे कर्जासाठी दाखवायला कागद नव्हता. तंजावरच्या कुळांना आणि सालदारांना संरक्षण देणारा कायदा १९५२ मध्येच झाला होता, तरी कुळांच्या हक्कांची नोंद ठेवण्यासाठी १९६९ मध्ये तमिळनाडूला स्वतंत्र कायदा करावा लागला.

पुढचा टप्पा संगणकाचा. कुंभकोणम येथे जन्मलेले कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांच्या प्रतिष्ठानाने १९९८ मध्ये पुदुच्चेरीच्या खेड्यांत माहिती केंद्रे सुरू केली. केंद्राची जागा गावाने द्यावी आणि ती सर्व जातींच्या लोकांना खुली असावी, अशी अट होती. वीरमपट्टिणम या किनारी गावात समुद्राच्या लाटांचा अंदाज ध्वनिवर्धकावरून ऐकवला जाई. ज्याला संगणक हाताळता येत नव्हता, वाचताही येत नव्हते, त्या कोळ्याच्या कानापर्यंत विज्ञान गेले.

त्याच वर्षी कोल्हापूर-सांगलीतील सत्तर गावांसाठी ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आखला गेला. शेती, बाजारभाव, शिक्षण अशा अनेक सेवांची स्वप्ने त्यात होती. काही वर्षांनी संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा केंद्रांचा मुख्य उपयोग साखर कारखान्याशी असलेल्या व्यवहाराच्या नोंदींपुरता उरला होता. त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरील लघुसंदेशाचा प्रयोग केला आणि तेवढ्यानेही शेतकऱ्याचे काम भागले. शेतकऱ्याला हवी ती माहिती हव्या त्या वेळी, त्याच्या हातातील साधनावर मिळणे, एवढीच गरज होती.

आज हेच साधन पुष्कळ सामर्थ्यवान झाले आहे. तमिळनाडूचे ‘उळवन’ ॲप २०१८ मध्ये आले, महाराष्ट्राची ई-पीक पाहणी २०२१ मध्ये. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने २,८१७ कोटी रुपयांच्या डिजिटल कृषी अभियानाला मंजुरी दिली. शेतकऱ्याचा डिजिटल ओळख क्रमांक, गावाचे नकाशे आणि पेरणीची नोंद एकमेकांना जोडण्याचा त्यात संकल्प आहे. मात्र हा क्रमांक जमिनीच्या अभिलेखाशी जोडलेला असतो. पट्ट्यावर किंवा सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही, तो खंडाने कसणारा माणूस आणि नवऱ्याच्या नावावरील शेतात राबणारी स्त्री या व्यवस्थेला कशी दिसणार? नोंद नसलेल्याला उपग्रहाचे छायाचित्र शेत दाखवील, शेतकरी दाखवणार नाही.

कालव्याचे यश धरणातील पाणीसाठ्यावरून मोजत नाहीत. शेवटच्या चारीत पाणी पोहोचले का, हे पाहावे लागते. डिजिटल शेतीलाही हेच माप लावायला हवे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी पुढच्या वेळी एखाद्या नव्या कृषी ॲपची बातमी वाचताना ते किती जणांनी उतरवून घेतले, एवढ्यावर थांबू नये. त्याच्या नोंदवहीत कोणाचे नाव नाही, हेही विचारावे.