गोदाकांठचीं मुलींचीं नांवें

अर्धापुराहून नांदेडास जातांना वाटेंत आसना नदी लागते. ती पुढें गोदावरीस मिळते. या टापूंत गोदावरीला तिच्या पूर्ण नांवानें हांक मारणारे थोडे. ती सर्वांची ‘गंगा’. साहजिकच येथील एखाद्या घरीं बारशाचा पाळणा सजला आणि आजीचें मत विचारलें, तर गंगा, गोदा, यमुना, भागीरथी हींच नांवें प्रथम तिच्या ओठांवर येतात. अलीकडे शहरांतल्या आईबापांनाही जुन्या नांवांची पुन्हा आवड उत्पन्न झाली आहे. मग गोदा ठेवावें कीं रेवती, असा वाद पाळण्यापाशीं रंगतो. हा वाद दिसतो त्याहून पुष्कळ पुरातन आहे.

मुलीचें नांव उच्चारावयास सोपें, अर्थानें स्पष्ट, मनोहर, मंगल आणि दीर्घ स्वरानें संपणारें असावें, असें मनुस्मृतीचा दुसरा अध्याय सांगतो. नियम सुरेख आहे. परंतु तिसऱ्या अध्यायांत वरास बजावलें आहे कीं, नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प किंवा दासी यांचें नांव धारण करणारी मुलगी वरूं नये. हा निर्बंध अक्षरशः पाळला जाता तर रोहिणी, रेवती, तुळसा, मैना, गंगा यांपैकीं एकीच्याही डोक्यावर अक्षता पडत्या ना! लोकांनीं तो मानलाच नाहीं. नाणेघाटाच्या लेण्यांत सातवाहन राजा सातकर्णीबरोबर त्याच्या राणीचें नांव कोरलेलें आहे. तें प्राकृतांत ‘नायनिका’, म्हणजे नागनिका. नांवांत नाग असूनही ती राणी झाली. आणि गोदाकांठच्याच गंगाखेडच्या जनाबाईनें तर ‘दासी’ हा शब्द आपण होऊन नांवामागें लावला व अभंगांतून मिरविला.

मनोहर आणि मंगल असावें, हा पहिला नियम मात्र कित्येकदां निष्ठुरपणें मोडला गेला. मुलगा हवा असतां मुलगीच झाली, कीं तिचें नांव ‘नकुशी’. सातारा जिल्ह्यांत २०११ सालीं अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवीं नांवें देण्यांत आलीं. त्यांपैकीं कित्येक तोंवर शाळेच्या हजेरीला याच नांवानें ‘हजर’ म्हणत आल्या होत्या.

नद्यांचीं नांवें शास्त्राला पुसतां आलीं नाहींत. तें काम लग्नांतल्या एका चालीनें केलें. पुढें न्यायमूर्ति रानड्यांच्या पत्नी म्हणून प्रसिद्धि पावलेल्या रमाबाई माहेरच्या यमुना. १८८६ सालीं अमेरिकेंत वैद्यकीची पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाई जोशी, त्याही माहेरच्या यमुनाच. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई त्या दिवसापासून आनंदीबाई झाल्या. घरांत मात्र त्या ‘बाया’. तिघींचीं कर्तृत्वें इतिहासानें सासरच्या नांवावर मांडलीं.

ही चाल मोठी साधी होती. ताटांत तांदूळ पसरावयाचे आणि वरानें त्यांत अंगठीनें वधूचें नवें नांव लिहावयाचें. बारशाला आजी ‘गोदा’साठीं हट्ट धरते, तेव्हां कित्येकदां तें तिच्या आईचें माहेरचें नांव असतें, लग्नाच्या त्या ताटानंतर आईला त्या नांवानें कोणीं हांक मारल्याचें आजीनें क्वचितच ऐकलेलें असतें.