पावणेसातची गाडी

दिनांक १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकापर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. दिवसाकाठी एकच फेरी. सकाळी पावणेसात वाजता ती विरारहून निघे आणि सायंकाळी साडेपाच वाजता मुंबईहून परतीला लागे. या दोन वेळा वाचकांनी नीट लक्षात घ्याव्यात. सकाळी कामाला जाऊन दिवेलागणीपर्यंत घरी परतणाऱ्या माणसाचे हे वेळापत्रक आहे. वसई ही अलीकडेच, आणि तीही बाहेरून आलेल्यांमुळे, चाकरमान्यांची वस्ती झाली, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. ती कितपत खरी आहे हे तपासून पाहावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

वसईचा जुना इतिहास आपण मुलांना आवडीने सांगतो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली, हे सर्वांना पाठ असते. मात्र ज्या घटनेने आपले रोजचे जगणे बदलले, ती लोहमार्गाची घटना आपण इतिहासात धरत नाही. १८६४ साली बी.बी.सी.आय. रेल्वेची गाडी ग्रँट रोडपर्यंत पोहोचली. तोवर आपली गावे समुद्राकडे तोंड करून होती. किल्ला, बंदर, खाडी हीच त्यांची वेस. स्थानक उभे राहिले ते किल्ल्यापासून मैलोगणती दूर, पूर्वेला, भातखाचरे आणि खाजणे यांच्या पलीकडे. त्या दिवसापासून गावांनी हळूहळू पाठ फिरवली आणि ती स्थानकाकडे पाहू लागली.

या गाडीने प्रथम नेला तो वाडीतला माल. केळी, विड्याची पाने, भाजी, फुले आणि दूध पहाटेच्या गाडीने मुंबईस जाऊ लागले. डोक्यावर पाटी घेऊन फलाटावर उभ्या राहणाऱ्या आपल्या आया-आज्या या वसईच्या पहिल्या नित्य प्रवाशांपैकी होत. त्यांच्या पाठोपाठ शिकलेली मुले गेली. शिक्षक, कारकून, गिरणीतले व गोदीतले कामगार यांची पिढी तयार झाली. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली आणि मुंबई आणखी जवळ झाली.

याचा पुरावा आमच्या धर्मग्रामाच्या स्नानसंस्काराच्या नोंदवह्यांत आहे. सर्वांत जुन्या वह्या पोर्तुगीज भाषेत आहेत. त्यांत बाळाच्या वडिलांच्या व्यवसायापुढे पानामागून पान एकच शब्द येतो : शेतकरी. पुढे मध्येच एखादा शिक्षक भेटतो, मग एखादा कारकून. आमच्या स्वतःच्या जन्माच्या सुमारास शेतकरी आणि नोकरदार जवळपास बरोबरीने दिसू लागतात. तोवर नव्या इमारतींचा मागमूसही नव्हता. म्हणजे नांगर खाली ठेवायला आपल्याला कोणी परक्याने लावले नाही. तो आपण आपल्या मनाने खाली ठेवला, आणि मुलांच्या शिक्षणासाठी ठेवला. त्यात लाजण्यासारखेही काही नाही.

इकडे मुंबईत वेगळेच घडत होते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाड्यासाठी चाळी बांधणे कोणाला परवडेना. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यानंतर मुंबईतली मोकळी जमीन अडकून पडली आणि घरांचे भाव चढत गेले. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यातून हजारो कुटुंबांचा आधार गेला. परळ-लालबागची दहा बाय बाराची खोली सोडून, हाती आलेल्या पैशात स्वतःचे दार असलेले घर मिळेल अशी जागा ही माणसे शोधत होती. ती त्यांना खाडीपलीकडे नालासोपारा, विरार, वसई येथे मिळाली. त्यांत वांद्रे, कुर्ला, माझगाव येथील कॅथलिक कुटुंबेही होती. ही माणसे हौसेने आलेली नव्हती.

जमीन त्यांना कोणी दिली? हा प्रश्न आपण टाळतो. वाटण्या होऊन वाड्यांचे तुकडे झाले होते. मजूर मिळेनासा झाला होता. मुलगा आखातात, सून मुंबईच्या कचेरीत. पाणी कोणी शिंपायचे? सातबाऱ्यावर सह्या झाल्या त्या आपल्याच हातच्या. १९९० साली शासनाने या भागासाठी सिडकोची नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक केली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यांनी उभारलेला लढा आपल्या समाजाच्या इतिहासातले उजळ पान आहे. त्या लढ्यामुळेच बरीचशी हिरवळ टिकली. पण दिवसा घोषणा देणाऱ्या आपल्यातल्याच काहींनी रात्री साठेखते केली, हेही त्याच इतिहासात लिहिले पाहिजे.

बावखलांचीही तीच गत झाली. रेताड जमिनीत पूर्वजांनी खणलेली ही गोड्या पाण्याची तळी पावसाचे पाणी मुरवून ठेवीत, विहिरी खाऱ्या होऊ देत नसत. रहाट मागे पडले, पंप आले, नळ आले. बावखल म्हणजे डास आणि अडगळ असे वाटू लागले. एकामागून एक ती बुजवली गेली. आता पहिल्याच मोठ्या पावसात रस्ते पाण्याखाली जातात आणि आपण बोट दाखवतो ते नव्या वस्तीकडे.

२००९ साली चार नगरपरिषदा व भोवतालची गावे मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. एवढ्या माणसांत जुने आणि नवे एकमेकांना कसे ओळखणार?

याबाबत आमचाच एक दोष येथे कबूल करतो. काही वर्षांपूर्वी स्थानकालगतच्या एका इमारतीत एका वृद्ध गृहस्थांचे निधन झाले. मुंबईतील चाळ सोडून ते कुटुंब अकरा वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात आले होते. आमच्या वहीत त्यांचे नाव होते, एवढीच आमची ओळख. अंत्यविधीला मोजून नऊ माणसे आली. शवपेटी उचलायला शेजारच्या आळीतील तरुणांना आम्हाला बोलवावे लागले. दफनानंतर त्यांच्या पत्नीने सांगितले, की इतकी वर्षे दर रविवारी ते दोघे गाडीने आपल्या जुन्या मंदिरात मिस्साला जात. "फादर, तिथे आम्हाला नावाने हाक मारतात," एवढेच त्या म्हणाल्या. आम्हाला उत्तर सुचले नाही. कॉलनीतली माणसे सणावारापुरती येतात, अशी टीका आम्ही वेदीवरून केलेली होती.

त्यानंतर इमारतींतून घरभेटी सुरू केल्या. गाडीची वेळ पाहून, रात्री नऊनंतर. जुन्या आळीतील एक-दोन कुटुंबे आमच्याबरोबर येऊ लागली. प्रथम दोन्हीकडे अवघडलेपणा होता. बोली निराळी, जेवणाची चव निराळी. पण विषय निघाला की निघे तो गाडीचाच. कोणाला कुठे उतरायचे, कोणता डबा, किती वर्षे उभ्याने प्रवास झाला. त्या बोलण्यात जुने-नवे राहत नसे.

इस्राएल लोकांना देवाने वारंवार आठवण करून दिली, की मिसरात तेही परके होते. आपल्यालाही पावणेसातच्या गाडीची आठवण असू द्यावी. तिच्यात आधी आपण चढलो. मागून चढणाऱ्याला जागा करून देणे हा गाडीतला साधा रिवाज आपण रोज पाळतो.

गेल्या ईस्टरनंतर त्या वृद्ध गृहस्थांच्या नातीचा स्नानसंस्कार झाला. धर्ममाता जुन्या आळीतील होती. वहीत नोंद करताना एकाच ओळीत दोन पत्ते लिहिले : एका बाजूस इमारतीचे नाव व मजला, दुसऱ्या बाजूस आळीचे नाव. धर्ममातेच्या घरामागे एक बावखल अद्याप शिल्लक आहे. समारंभानंतर त्या आजी ते पाहायला गेल्या होत्या.