उन्हात बसणारे भूत

प्राचीन रोममध्ये रात्री भटकणाऱ्या पिशाच्चांना ‘लेमुरेस’ म्हणत. त्यांच्यावरून कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने एका प्राण्याला ‘लेमूर’ हे नाव दिले. पण मी जे लेमूर पाहिले, ते भुतासारखे मुळीच नव्हते.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात २०१५ पासून माणसांना लेमूरांच्या आवारात जाता येते. भाच्याकडे गेलो असताना मी तिथे पुष्कळ फोटो काढले. शेपटीवर काळी-पांढरी वळी, टपोरे डोळे. ऊन आले की स्वारी हात पसरून, पोट उन्हाकडे करून बसते. आमच्या विश्रामबागेत हिवाळ्याच्या सकाळी पेन्शनर मंडळी कट्ट्यावर बसतात, तशीच ऐट!

मग हे नाव आले कसे? लिनियसच्या १७५८च्या ग्रंथात लेमूर या कुळात तीन प्राणी होते. त्यातला एक श्रीलंकेतला सडपातळ लोरिस. रात्री निघणारा, सावकाश पावले टाकणारा. पिशाच्चाचे नाव शोभत होते ते त्याला. पुढे लोरिसचे कुळ वेगळे झाले आणि नाव मादागास्करच्या या ऊनवेड्याकडे राहिले.

लंडनचे हे प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या संस्थेचे सचिव फिलिप स्क्लेटर यांना १८६४ साली एक कोडे पडले. लेमूर मादागास्करात एवढे, आणि त्यांचे भाऊबंद समुद्रापलीकडे भारतात कसे? त्यांनी हिंदी महासागरात बुडालेला एक खंडच कल्पिला, ‘लेमुरिया’. तमिळ लेखकांनी त्याचे नाते आपल्या कुमरी कंडमशी जोडले. कवीला मोह पडावा अशीच कल्पना, पण खोटी. जमीन बुडाली नव्हती, सरकली होती. भारत आणि मादागास्कर सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी अलग झाले. आपल्या पायाखालचा काळा पाषाणसुद्धा त्यानंतरचा, साडेसहा कोटी वर्षांचा. लेमूरांचे पूर्वज आणखी उशिरा, बहुधा वाहत्या झाडाझुडपांवर बसून, आफ्रिकेतून त्या बेटावर पोचले.

तिथले जंगल आता तुटते आहे. २०२०च्या जागतिक यादीत लेमूरांच्या १०७ जातींपैकी १०३ धोक्यात होत्या.

आणि लोरिस? त्याचे भाऊबंद आपल्या सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या रानातही आहेत. १९७२च्या वन्यजीव कायद्याचे त्याला संरक्षण आहे. तरी जादूटोण्यासाठी त्याला पकडतात, त्याच्या मोठ्या डोळ्यांसाठी.