सर्वांत लहान कोण? इंग्लिश खाडी आणि वयाचा विक्रम (थ्रेड)

दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले की वैतरणेच्या मुखापलीकडे अर्नाळ्याचा जलदुर्ग दिसतो. मराठ्यांनी तो १७३७ मध्ये जिंकला. पाहताना वाटते, एवढे अंतर तर पोहून जाता येईल! ओहोटीचे पाणी समुद्राकडे धावू लागले की हा भ्रम फिटतो.

इंग्लिश खाडीचेही तसेच आहे. डोव्हरपासून फ्रान्सचा किनारा सरळ रेषेत सुमारे ३३ किलोमीटर. पण भरती-ओहोटी पोहणाऱ्याला आळीपाळीने दोन्ही अंगांना ओढते आणि अंतर वाढत जाते. म्हणून या मोहिमा बहुधा मंद भरतीच्या दिवसांत आखतात. आपले कोळी त्यालाच भांग म्हणतात.

ही खाडी १९९४ मध्ये महाराष्ट्राच्या रुपाली रेपाळेने पार केली. वय वर्षे बारा. (१९५९ मध्ये खाडी पोहणारी पहिली आशियाई स्त्री आरती साहा तेव्हा एकोणीस वर्षांची होती.)

रुपालीच्या नावामागे अनेकदा ‘जगातील सर्वांत लहान’ असे विशेषण लावले जाते. ते टिकत नाही. १९७९ मध्ये मार्कस हूपर आणि १९८३ मध्ये समँथा ड्रूस ही दोन इंग्लिश मुले बाराव्या वर्षीच खाडी पोहून गेली होती. १९८८ मध्ये लंडनच्या टॉमस ग्रेगरीने बारा वर्षे पूर्ण होण्याआधीच, बारा तासांहून किंचित कमी वेळात ती पार केली. विशेषण गाळले तरी रुपालीचे कर्तृत्व तसूभर उणे होत नाही.

ग्रेगरीचा विक्रम मात्र आजही अबाधित आहे, आणि त्याचे कारण पाण्यात नाही. खाडीतील जलतरणाचे नियमन करणाऱ्या संस्थांनी किमान वयाची अट घातली. आज ती सोळा वर्षे आहे.

अट का, हे पोहण्याच्या नियमांतच कळते. सोबतच्या नावेला किंवा माणसाला आधारासाठी हात लावला की मोहीम संपली. खाणेपिणेही पाण्यातच. उन्हाळ्यातही पाणी साधारण पंधरा ते अठरा अंश. मुलांचे शरीर वजनाच्या मानाने अधिक पृष्ठभाग उघडा टाकते, त्यामुळे ते लवकर गारठते. आणि गारठलेल्या माणसाचा विवेक आधी मंदावतो. मग ‘आता पुरे’ हा निर्णय कोणाचा? नावेतल्या मोठ्यांचा. त्यांनाच विक्रमही हवा असतो.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे साधनांचा प्रश्न अधिक सतावतो. बालविक्रमांच्या बातम्यांत वेळ असते, अंतर असते, प्रशिक्षकांचे नाव असते. पाण्यातल्या मुलाचे म्हणणे क्वचितच सापडते. ग्रेगरीने आपली हकीकत ‘अ बॉय इन द वॉटर’ या पुस्तकात स्वतः सांगितली. ते प्रसिद्ध झाले २०१८ मध्ये, पोहल्यानंतर तीस वर्षांनी.