बोगद्यातले गाणे

ठाण्याहून कल्याणकडे जाताना लागणारा पारसिकचा बोगदा १९१६ साली खुला झाला. लांबी सुमारे १.३ किलोमीटर. २०२२ पासून जलद लोकल मुंब्र्याच्या बाजूने जातात. बोगदा आता मेल-एक्स्प्रेस गाड्यांचा. ताशी ६० किलोमीटर वेगाने तो ओलांडायला ७८ सेकंद लागतात. तेवढा वेळ मोबाइलला काहीच पोचत नाही असे समजू. तरीही इंटरनेटवरून येणारे गाणे अखंड वाजू शकते. ते कसे?

डोंबिवलीतल्या इमारतीत पाणी ठरावीक वेळी येते, पण गच्चीवर टाकी असल्याने घरातला नळ केव्हाही सोडता येतो. मोबाइलमधल्या अशाच टाकीला ‘बफर’ म्हणतात. गाण्याला सेकंदाला १२८ किलोबिट लागत असतील, तर ७८ सेकंदांसाठी ९,९८४ किलोबिट, म्हणजे साधारण सव्वा मेगाबाइट साठा हवा. जागा किरकोळच! खरी अडचण टाकी भरण्याची. सेकंदाला १६० किलोबिट येत असतील, तर १२८ वाजण्यात खर्च होऊन ३२ च शिल्लक पडतात. त्या हिशेबाने बोगद्यापूर्वी ५ मिनिटे १२ सेकंद साठवण सुरू हवी. (हे गणित आठवीच्या वर्गात जरूर घालावे.)

ही युक्ती जुनी आहे. १९७४ साली अमेरिकेतील अर्पानेटवरून बोलणे पाठवताना डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले, की आवाजाचे तुकडे सारख्या अंतराने पोचत नाहीत. म्हणून आलेले तुकडे क्षणभर थोपवून मग एका लयीत वाजवायचे. १९९५ च्या एप्रिलमध्ये ‘रिअलऑडिओ’ आले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. मोडेम मंद, त्यामुळे शिल्लक नाममात्र. ऐकणाऱ्याच्या वाट्याला वाट पाहणेच अधिक. पुढे चित्रफितीचे काही सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा कमी-अधिक दर्जांत ठेवू लागले. साठा घटू लागला की मोबाइल हलक्या दर्जाचा तुकडा मागवतो. चित्र पुसट होते, पण थांबत नाही.

संभाषणात मात्र ही टाकी फार मोठी करता येत नाही. आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांहून अधिक उशीर नसावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. जे वाक्य अजून बोललेच गेले नाही, ते आधी साठवणार कसे? २०२० साली शाळा बंद असताना आपण मोबाइलवरून शिकवले, तेव्हा रेंज गेलेल्या मुलाचा थेट तास तिथेच तुटे. ध्वनिमुद्रित धडा मात्र रात्री उतरवून घेऊन त्याला सकाळी सलग ऐकता येई. फक्त मध्येच हात वर करून शंका विचारण्याची सोय त्यात नव्हती.