दिनविशेष : २४ मार्च २०१५ – कलम ६६-अ रद्द

माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने या दिवशी घटनाबाह्य ठरवले. ‘अत्यंत आक्षेपार्ह’ अशा मोघम शब्दांच्या आधारे तीन वर्षांपर्यंत कैद देणारे हे कलम.

त्याची झळ महाराष्ट्राने पाहिली होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर नाराजी लिहिली. दुसरीने ती ‘लाइक’ केली. दोघींनाही अटक झाली!

त्यानंतर श्रेया सिंघल यांनी केलेल्या याचिकेवर न्या. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांनी हा निकाल दिला. मत मांडणे वेगळे आणि चिथावणी देणे वेगळे, ही सीमारेषा त्यांनी ठळक केली.

तरीही रद्द झालेल्या या कलमाखाली पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदवले जातच राहिले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच त्यावर धक्का व्यक्त केला.