मराठी ख्रिस्तमंडळीतील स्त्रिया
आद्य ख्रिस्तमंडळीत स्त्रियांना सेवेचे मान्य स्थान होते. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने किंख्रिया येथील फीबीचा निर्देश मंडळीची सेविका असा केला आहे. पुढे धर्माधिकार पुरुषांकडे एकवटला. महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळीतही आरंभी पाळकपद पुरुषांकडेच होते. स्त्रियांचे कार्य मुख्यतः शिक्षण व लेखन यांद्वारे झाले. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार (१७९५–१८६२) यांनी १८३९ पासून अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे मुलींच्या शाळा चालविल्या. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांनी पतीच्या १८९५ मधील धर्मांतराचे अनुकरण लगेच केले नाही. १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला. पतीचे अपूर्ण राहिलेले ख्रिस्तायन हे काव्यही त्यांनी पूर्ण केले. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी सामान्य स्त्रियांनाही समजेल अशा सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रकाशित झाले. त्याची छपाई पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ति मिशनच्या मुद्रणालयात तेथील स्त्रियांनीच केली. धर्मपीठावर स्थान नसतानाही धर्मग्रंथाचा अर्थ लावण्याचे कार्य अशा रीतीने स्त्रियांच्या हातून घडले.